शेकाट्या पुढे का कलंडतो?

वाचकांचे प्रश्न : जलरंग

या वेळच्या पत्रांत खाडीकाठचे आणि वाळूतले पक्षी बरेच आहेत; शेकाट्या, म्हणजे लांब गुलाबी पायांचा काळा-पांढरा पाणपक्षी, त्यांतलाच. बहुतेकांनी चित्रासोबत मूळ फोटोही पाठवले. दोन्ही शेजारी ठेवून पाहता आलं, म्हणून चूक नेमकी कुठे झाली ते सांगता येतंय. पुढच्या वेळीही असंच करा.

प्रश्न : ठाणे खाडीच्या काठावर शेकाट्याचे सात-आठ फोटो काढले. काही मोबाइलवर, काही मित्राच्या मोठ्या लेन्सवर. त्यावरून चित्र केलं, तर घरचे म्हणतात पक्षी तोंडावर पडतोय. शिवाय कात्रण काढून चिकटवल्यासारखा दिसतो. फोटोत होतं तसंच काढलंय, मग चुकलं कुठे? (ठाणे)

उत्तर : फोटोत होतं तसंच काढलंय, पण एका नव्हे, दोन फोटोंत. धड आणि पाय तिसऱ्या फोटोतले आहेत. त्यात पक्ष्याने मान आखडून घेतलेली आहे. मान मात्र पाचव्या फोटोतली, चांगली पुढे ताणलेली. मान पुढे गेली की वजन पुढे जातं आणि जिवंत पक्षी त्याच क्षणी पाऊल पुढे टाकतो किंवा धड मागे कलतं करतो. तुमच्या शेकाट्याने दोन्ही केलं नाही, म्हणून तो पडतोय.

तपासायची रीत सोपी आहे. मान आणि शेपटी सोडून धडाचा लंबगोल डोळ्यासमोर आणा आणि त्याच्या मध्याच्या जरा पुढून खाली ओळंबा सोडा. पट्टी उभी धरली तरी चालते. एका पायावर उभा असेल तर ओळंबा त्या पावलावर पडला पाहिजे. दोन पायांवर असेल तर दोन पावलांच्या मध्ये कुठेतरी. तुमच्या चित्रात तो बोटांच्याही पुढे जवळजवळ एक सेंटीमीटर पडतो. पुढचं पाऊल तेवढं सरकवलं की काम होईल, पुसून पुन्हा काढायची गरज नाही.

आता पाय. शेकाट्या चोचीपासून शेपटीपर्यंत ३५ ते ४० सेंटीमीटर, आणि सगळी गंमत त्याच्या पायांत. मधोमध मागे वळलेला सांधा दिसतो त्याला आपण गुडघा म्हणतो, पण तो घोटा आहे. खरा गुडघा पोटाच्या पिसांत दडलेला असतो. हे डोक्यात असलं की पाय पोटाला टाचणी टोचल्यासारखा निघत नाही. तो पिसांतून, किंचित पुढच्या बाजूने, तिरका खाली येतो. घोट्याच्या वरचा उघडा भाग खालच्यापेक्षा थोडा आखूड. घोट्याशी पाय जरासा फुगतो, त्यामुळे एकाच जाडीची रेघ ओढली की काडी दिसणारच. मागचं बोट शेकाट्याला नसतंच. तुम्ही काढलंय, ते काढून टाका.

मापं अंदाजाने घेऊ नका. चोचीची लांबी हे एकक धरा आणि फोटोवर कर्कटकाने मोजा: धड किती चोची, मान किती, पोटापासून चिखलापर्यंत किती. हे आकडे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. रेखाटन आधी साध्या कागदावर करून मग चांगल्या कागदावर उतरवा. जलरंगाच्या कागदावर खोडरबर घासला की वरचा थर उखडतो आणि तिथे वॉश (भरपूर पाण्यातल्या रंगाचा पातळ हात) डागाळतो. ११ × १५ इंचाच्या कागदावर पक्षी १५-१६ सेंटीमीटर उंच घ्या. त्याहून लहान केला तर पाय एक मिलिमीटरच्याही खाली जातात आणि ब्रश दाद देत नाही.

कात्रणासारखा दिसण्याचं कारण वेगळं. चिखल आणि तिवरं बांधावर उभं राहून काढलेल्या फोटोतली आहेत, म्हणजे नजर वरून खाली. पक्षी मात्र मित्राने बहुधा बसून, लांबून टिपलेला. तो समोरून दिसतो. वरून पाहिलं तर पाठ जास्त दिसते, पाय आखूड दिसतात. हे दोन्ही एका कागदावर नांदत नाहीत. बांधावरचा फोटोच पाया धरायचा असेल तर एक हिशोब करा: त्या फोटोतल्या कुठल्याही पक्ष्याच्या पावलापासून क्षितिजापर्यंत त्या पक्ष्याच्याच उंचीचे किती भाग बसतात ते मोजा. समजा चार बसले. सपाट चिखलावर त्याच उंचीचा पक्षी जवळ ठेवा की दूर, त्याच्या पावलापासून क्षितिजापर्यंत त्याच्या स्वतःच्या उंचीचे चारच भाग बसले पाहिजेत. जोडीतला दुसरा शेकाट्या किती मोठा काढायचा हा प्रश्नही यातच सुटतो. क्षितिज तिवरांमागे लपलं असेल तर समोरच्या काठाची पाण्याची रेघ धरा, थोडा फरक चालतो.

आणि कड. तुमच्या पक्ष्याची कड सगळीकडून सारखीच धारदार आहे. एखाद-दोन ठिकाणी ती हरवू द्या. पोटाची सावली खालच्या चिखलाच्या टोनला (गडद-फिकेपणाला) भिडते तिथे, किंवा शेपटीशी. चोच, डोळा आणि उन्हातली पाठ एवढंच धारदार ठेवा.

प्रश्न : शेकाट्याचं पांढरं पोट काही केल्या जमत नाही. सावली दिली की मळकट होतं, नाही दिली तर कागद कोरा राहिल्यासारखा वाटतो. आणि पाठीचा काळा मेलेला दिसतो. (पुणे)

उत्तर : काळा-पांढरा पक्षी कॅमेऱ्याला सगळ्यात अवघड. भिगवणच्या तुमच्या फोटोत चौकटीचा बहुतेक भाग गडद चिखल आहे. कॅमेऱ्याने त्या चिखलाला मधला टोन धरून प्रकाश वाढवला, त्यात पोट जळालं. त्या पांढऱ्यात आता माहितीच उरलेली नाही. फोटो कितीही मोठा करून पाहिलात तरी पीस दिसणार नाही. पुढच्या वेळी मोबाइलवर पक्ष्यावर बोट टेकवून उजेडाची पट्टी खाली ओढा, कॅमेऱ्यात एक्स्पोजर एक स्टॉप उणे (म्हणजे उजेड निम्मा) करा. सकाळी नऊच्या आत जा. दुपारच्या उन्हात पोट काळवंडतं आणि पाठीवर पांढरी चमक येते, दोन्ही निरुपयोगी.

मळकटपणा मात्र पॅलेटवरचा आहे. सावलीत तीन-चार रंग मिसळलेत आणि अर्धवट वाळल्यावर पुन्हा ब्रश फिरवलाय. दोनच रंग घ्या: फ्रेंच अल्ट्रामरीन दोन भाग, बर्न्ट सिएना एक भाग. वाटाण्याएवढ्या रंगाला दोन चमचे पाणी. कागदाच्या तुकड्यावर लावून पाहा, वाळल्यावर निळसर राखाडी दिसला पाहिजे. तपकिरीकडे झुकला तर पांढरं कळकट दिसतं. हा वॉश पोटाखाली, मानेच्या आतल्या बाजूला आणि मांडीशी ८ नंबरच्या गोल ब्रशने एकाच फटक्यात टाका. ओला असतानाच पोटाच्या अगदी खालच्या कडेला यलो ऑकरचा एक थेंब सोडा. चिखलावरून परतलेला उजेड तिथे पडतो; त्या उबेनेच पोट गोल दिसतं. मग हात काढून घ्या. चकाकी जाऊन कागद नुसता ओलसर उरला असताना पाण्याने भरलेला ब्रश लागला, तर ते जास्तीचं पाणी रंगाचे कण ढकलत बाहेर जातं आणि फुलकोबीसारखी कड उमटते. बिघडलं वाटलं तरी पूर्ण वाळू द्या आणि मगच दुरुस्त करा.

कोरा कागद किती राखायचा? सकाळच्या तिरप्या उन्हात धडाच्या पांढऱ्याचा साधारण तिसरा भाग, बस. तोही तेव्हाच उजळतो जेव्हा मागचा चिखल त्याच्याहून दोन टोन गडद असतो. तुमची पार्श्वभूमी फारच फिकी आहे. ती गडद करा, पोटाला हात लावू नका.

काळ्याबद्दल: ट्यूबमधला काळा वापरू नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर दाट, साईसारखे मिसळा. जलरंग वाळल्यावर फिका होतो, म्हणून ओला असताना जरा जास्तच काळा वाटला पाहिजे. एकदाच लावा. तीन थर दिले की खालचा थर सुटून वर येतो, तोच तुमचा मेलेला काळा. पाठीचा वरचा, आकाशाकडचा भाग अल्ट्रामरीनकडे झुकवा. नराच्या पाठीवर हिरवट झाक असते. काळा पूर्ण वाळल्यावर तिथे विरिडियनचा (निळसर हिरव्या रंगाचा) अगदी पातळ हात द्या. मिटलेल्या पंखातल्या लांब पिसांमध्ये केसाएवढ्या दोन-तीन फिक्या रेघा सोडल्या की पंख पंख वाटतो. आणि पाठ काळीऐवजी तपकिरी दिसत असेल तर फोटो खराब आहे असं समजू नका, ती मादी असेल. पिसांना फिक्या कडा असतील तर पिल्लू. नराची पाठ आणि पिल्लाचं डोकं एकत्र केलेली दोन चित्रं या वेळी आली आहेत.

प्रश्न : गुलाबी पाय राखायला मास्किंग फ्लुइड लावलं. चार दिवसांनी काढलं तर कागदाची साल निघाली. (रत्नागिरी)

उत्तर : चार दिवस हेच कारण. मास्किंग फ्लुइड म्हणजे रबराचा चीक. जितका वेळ राहतो तितका कागदाच्या तंतूंत घट्ट बसतो. उन्हाने आणि ड्रायरने आणखी. लावलं त्याच दिवशी काढायचं. कागद लावताना पूर्ण कोरडा हवा आणि काढतानाही. मागून हात लावून पाहा. गार लागला तर आत ओल आहे. ब्रशऐवजी बोरूने किंवा जुन्या टाकाच्या निबने लावा. ब्रशच हवा असेल तर आधी त्यावर साबण चोळा, नाही तर तो ब्रश गेलाच. काढताना वर ओढू नका. स्वच्छ बोटाने कागदाला सपाट, एका दिशेने घासत न्या. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर हे सगळं पाळूनही साल निघू शकते. कापसाचा, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद असेल तरच वापरा, तेही कोपऱ्यात करून बघितल्यावर.

पण मुळात मास्किंग लागतं का? पायामागे काय आहे ते बघा. मागे उजळ पाणी असेल तर पाय पाण्यापेक्षा गडद आहे. मग राखायचं कशाला, वाळलेल्या पाण्यावर सरळ पारदर्शक रंगाने ओढा. मागे गडद चिखल असेल तर पाय फिका. तिथे दोन वाटा. एक मास्किंग. दुसरी, सगळं वाळल्यावर शेवटी पांढऱ्या गोशात (अपारदर्शक जलरंगात) क्विनाक्रिडोन रोझ आणि थोडा कॅडमियम रेड मिसळून, दह्यासारखा दाट करून, लांब, बारीक केसांच्या रिगर ब्रशने ओढायचं. शुद्ध पारदर्शकतेचा आग्रह धरणारे नाक मुरडतील. एक मिलिमीटरच्या पायासाठी आम्हाला गोशच बरा वाटतो, कारण मास्किंगखालून निघालेल्या पायाची कड दोरीसारखी जाड येते आणि ती ओल्या ब्रशने मऊ करत बसावी लागते.

अपारदर्शक असो वा पारदर्शक, पोटाजवळ पाय सावलीत असतो, तिथे गुलाबीत थोडा अल्ट्रामरीन घाला. पाण्याच्या पातळीशी पाय भिजलेला असतो, तिथे एक बारीक पांढरा ठिपका राखला तरी पुरे. रेघ घोट्यापासून खाली एका दमात. तिथे थांबून, पुन्हा घोट्यापासून वर. बोटांनी नाही, खांद्यातून हात हलवा. अलिझरिन क्रिमसनच्या जुन्या पारंपरिक रंगाने पाय करू नका, तो उजेडात उडतो. वर्षा-दोन वर्षांत भिंतीवरचा शेकाट्या फिक्या पायांवर उभा राहील.

प्रश्न : गोव्याच्या किनाऱ्यावरच्या कंठेरी चिखल्याचं चित्र पाठवतोय. पाठीचा तपकिरी रंग बरोबर जुळवला, पोट पांढरं ठेवलं, तरी पक्षी चपटा दिसतो. (म्हापसा)

उत्तर : प्रश्नाच्या दुसऱ्या वाक्यातच उत्तर आहे. पाठ तपकिरी आणि पोट पांढरं ही पक्ष्याची ओळख झाली, उजेडाची नव्हे. चिखल्याची पाठ गडद आणि पोट फिकं असतं ते लपण्यासाठीच: वरून ऊन पडलं की पाठ उजळते, पोट सावलीत जातं, दोन्ही जवळजवळ सारखे दिसू लागतात आणि पक्ष्याचा गोलवा डोळ्याला लागत नाही. वाळूवर बसलेला चिखल्या पावलापाशी येईपर्यंत दिसत नाही तो यामुळेच. तुम्ही ओळख रंगवलीत.

खात्री करायची तर पुठ्ठ्याला पाच मिलिमीटरची दोन भोकं पाडा. फोटोवर एक भोक उन्हातल्या पाठीवर, दुसरं पोटाखालच्या सावलीवर येईल असा धरा. बाकीचं झाकलं गेलं की पांढऱ्या पोटाचा टोन तपकिरी पाठीच्या फार मागे नाही, हे दिसेल. कोरडी वाळू मात्र चांगलाच उजेड परतवते, म्हणून तुमच्या फोटोत पोटाची सावली राखाडी नसून उबदार, पिवळसर आहे. तोच पक्षी ओल्या काळ्या चिखलावर असता तर ती गडद आणि थंड आली असती.

क्रम असा ठेवा. आख्ख्या पक्ष्यावर, उन्हातला माथा आणि पाठीचा वरचा काठ सोडून, पातळ सावलीचा वॉश. त्यात पांढरं पोटही आलं आणि पाठीची खालची बाजूही. वाळू द्या. मग पाठीवर बर्न्ट अंबर, थोडा ऑकर, नावाला अल्ट्रामरीन. वर फिका, खाली उतरताना दाट. हा दुसरा हात खालच्या सावलीवर बसल्यामुळे गोलवा आपोआप येतो. प्रत्येक पीस काढायचा मोह आवरा. खांद्याची पिसं, पंख झाकणारी पिसं आणि लांब उड्डाणपिसं असे तीन गट दिसले की झालं. चार-सहा गडद फटी पुरतात.

गळ्यातला काळा पट्टा तुम्ही सरळ रिबिनीसारखा काढलाय. तो गोल धडाभोवती जातो, म्हणून समोर खाली झुकलेला आणि मानेमागे वर चढलेला हवा. डोळ्याभोवतीचं पिवळं कडं आधी रंगवा, वाळल्यावर आत काळी बुबुळ आणि बाहेर काळी पट्टी. उलट क्रमाने पिवळा कधीच बसत नाही. एक सावधगिरी: थंडीत हे काळे पट्टे तपकिरी, पुसट होतात. मार्चमधलं डोकं आणि डिसेंबरमधलं धड जोडू नका. पट्टा समोर तुटलेला आणि पाय काळपट दिसले तर तो कंठेरी नव्हे, केंटिश चिखल्या. तुमच्या तिसऱ्या फोटोतला तोच आहे.

प्रश्न : पाण्यातलं प्रतिबिंब सावलीसारखं तिरकं काढायचं की सरळ? (नाशिक)

उत्तर : सरळ, पक्ष्याच्या बरोबर खाली. सावली सूर्याप्रमाणे फिरते, प्रतिबिंब नाही. गढूळ पाण्यावर दोन्ही एकदम दिसू शकतात, आणि नांदूर मध्यमेश्वरच्या तुमच्या फोटोत तसंच आहे. तिरका गडद पट्टा ही सावली आहे.

तिरक्या पायाचं प्रतिबिंब बहुतेकांचं चुकतं. पाय पाण्यापासून वर जाताना उजवीकडे झुकत असेल, तर प्रतिबिंबही खाली जाताना उजवीकडेच झुकतं. पाण्याच्या रेघेशी दोन्ही मिळून कोन होतो. पाय तसाच सरळ खाली वाढवला की तो पाण्यात खुपसलेला बांबू वाटतो. प्रतिबिंबातलं पांढरं मूळ पांढऱ्यापेक्षा गडद ठेवा, काळं मूळ काळ्यापेक्षा फिकं. पाण्याचा वॉश ओला असताना, चकाकी मरू लागली की, उभे फटके मारा. मे महिन्यात त्याला दोन मिनिटंही मिळत नाहीत. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून फळीवर पसरला तर वेळ वाढतो.

प्रश्न : पावसाळ्यानंतर कागदावर वॉश टाकला की ठिपके ठिपके उमटतात, रंग शोषला जातो. कागद महागाचा आहे. (सावंतवाडी)

उत्तर : कागदाची खळ (पाणी लगेच जिरू न देणारा चिकट लेप) दमटपणाने मेली आहे. पाण्याचा थेंब टाकून बघा; टिपकागदासारखा लगेच जिरला तर नक्की. अर्धा लिटर कोमट पाण्यात दहा ग्रॅम बिनचवीचं जिलेटिन विरघळवून रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना लावा, टांगून वाळवा, कोपऱ्यात तपासा. बऱ्यापैकी सुधारतो, नव्यासारखा होत नाही. बुरशीचे पिवळे ठिपके आले असतील तर तो कागद रेखाटनाला ठेवा. उरलेले ताव प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करून, बाहेरच्या भिंतीला न टेकवता, आडवे ठेवा.

प्रश्न : इंटरनेटवरच्या फोटोवरून केलेलं चित्र स्पर्धेला पाठवता येईल का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : घरी सरावाला हरकत नाही. स्पर्धा, प्रदर्शन, विक्री यांसाठी फोटो काढणाऱ्याची लेखी परवानगी घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्र ही कलाकृती आहे आणि तिचा हक्क फोटो तुम्हाला सहज सापडला म्हणून संपत नाही. रंग बदलला किंवा पक्षी उलट दिशेला वळवला तरी फरक पडत नाही. बहुतेक पक्षीछायाचित्रकार विचारलं तर आनंदाने हो म्हणतात. स्पर्धेचे नियमही वाचा, काही ठिकाणी फक्त स्वतःच्याच फोटोवरून केलेलं काम चालतं. पाठवलेल्या चित्रातली पोज ज्या फोटोवरून घेतली आहे, त्याच्या कोपऱ्यात छायाचित्रकाराचं नाव स्पष्ट दिसतंय. आधी त्यांना विचारा, फॉर्म नंतर भरा.